बावटा खाली राहिला त्याची हकीगत

सन्माननीय अध्यक्ष अण्णासाहेब. आपली भाताची वखार आजच्या समारंभासाठी रिकामी करून देणारे आणि आमच्या फुटबॉल मंडळीचे आश्रयदाते रतनशेठ. शाळा कमिटीचे सभासद. मंडळीचे कप्तान दौलतराव आणि त्यांचे सगळे गडी. पडद्यापलीकडे बसलेला मातृवर्ग. कल्याणचे, ठाण्याचे आणि दिवा गावच्या मिठागरांतून होडीने आलेले समस्त नागरिक. आणि ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो आहोत ते आपले गुरुवर्य हरिहरपंत दातार मास्तर, आपणा सर्वांना माझा सविनय नमस्कार.

मी उभा राहत असताना अध्यक्षांनी मला हळूच बजावले आहे, "विश्रामराव, हे कोर्ट नव्हे, आटोपशीर घ्या." मी प्रयत्न करीन. दुसरी अडचण जागेची. रतनशेठनी पोती हलवली, पण कोंडा काही हलला नाही, तेव्हा मधून मधून शिंका येणार. कोणी शिंकले तर तो विरोध आहे असे मी मानणार नाही. आपणही माझ्या शिंकेला भाषणाचा शेवट समजून टाळ्या वाजवू नयेत.

ठाण्याहून आलेल्या पाहुण्यांसाठी माझी ओळख सांगतो. मी इथला वकील आणि फुटबॉल मंडळीचा चिटणीस. चिटणीस का, तर मला इंग्रजी कायदे वाचता येतात म्हणून. चेंडूला पाय मी जन्मात एकदाच लावला. चेंडू जिथल्या तिथे राहिला आणि मी पंधरवडाभर पाय शेकत बसलो. त्यानंतर मी छत्री घेऊन कडेला बसायचे काम पत्करले आहे.

आमची मंडळी पगारी आहे. रतनशेठ खेळाडूंना दरमहा पगार देतात. सुरुवातीला यावर गावातल्या थोरांनी नाके मुरडली होती. खेळायचे कसले पैसे, असे म्हणत होते. तेव्हा याच मास्तरांनी भर सभेत विचारले होते, "कीर्तनकाराला बिदागी दिली म्हणजे त्याची भक्ती कमी होते काय? मिठाच्या आगरातले काम सोडून जो पोरगा मैदानावर येतो, त्या दिवशी त्याच्या घरची चूल कोणी पेटवायची?" म्हणजे ही मंडळी उभी राहिली त्यात मास्तरांचा वाटा आहे, हे मी आधीच सांगून ठेवतो. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

निरोपाच्या भाषणात काय बोलायचे असते ते मला ठाऊक आहे. विद्यादान, साधी राहणी, शिस्त, दोन पिढ्यांचे गुरू. हे सगळे खरे आहे आणि माझ्या आधीच्या वक्त्यांनी ते उत्तम सांगितले. पण मंडळी, आपण सगळे इथे मांडीला मांडी लावून बसलो आहोत आणि एका गोष्टीचे नाव कोणी काढत नाही. गेले वर्षभर या गावाने मास्तरांशी बोलणे टाकले आहे. आज आपण आलात, ते शाळा कमिटीचे बोलावणे मोडवत नाही म्हणून. काही जण पेढ्यांचा वास लागला म्हणूनही आले आहेत, मी नावे घेत नाही. आणि दौलतराव व त्यांचे गडी, एवढी सतरंजी मोकळी असताना, दाराशी उभे आहेत.

उद्या सकाळच्या गाडीने मास्तर खडवलीला निघाले. भातसेच्या काठी त्यांची थोडी वडिलार्जित जमीन आहे, आता तिथेच कायमचे राहायचे म्हणतात. दिवाळीपर्यंत राहा असे कमिटीने विनवले. ते दसऱ्याच्या आधीच जायचे म्हणून हटून बसले, आणि त्याचे कारणही मी सांगणार आहे. साहेबांना भिऊन गावाला बुडवणारा पंच हे नाव घेऊन ते गाडीत बसणार, की आपले मास्तर म्हणून बसणार? माझ्या मते आज एवढाच प्रश्न आहे. मास्तरांनी मला यावर बोलायची मनाई केली होती. मी वचन दिलेले नाही. वकील सहसा देत नाहीत.

गेल्या वर्षीचा हंगाम आठवा. श्रावणात सुरू झाला आणि दसऱ्याच्या तोंडावर संपला. दोन तऱ्हेचे सामने होते. एक आळीपाळीचे, म्हणजे प्रत्येक मंडळीने प्रत्येक मंडळीशी खेळायचे आणि शेवटी ज्यांचे गुण जास्त ते पहिले. दुसरे प्याल्याचे, म्हणजे हरला तो घरी गेला. प्याला हा शब्द ऐकून आमच्या आळीत काही दिवस भलतीच कुजबुज होती. तो रुप्याचा असतो, त्यात कोणी काही ओतत नाही, हे मला दारोदार जाऊन समजवावे लागले.

आळीपाळीच्या सामन्यांत आपण दुसरे आलो. पहिल्याच वर्षी दुसरे! आणि कशाच्या बळावर? पायांच्या, हे तर आहेच. पण थोडे पंचांगाच्याही. आपले मैदान खाडीकाठी. मिठागरातल्या माणसाला तिथी सांगितली की भरतीची वेळ सांगतो. षष्ठीला दुपार कलली की पाणी चढते आणि खाडीकडच्या गोलासमोर घोटाभर चिखल होतो. दौलतराव सामन्याचा दिवस पंचांग पाहून ठरवायचे आणि पहिल्या डावात खाडीकडची बाजू आपणहून घ्यायचे. पाहुण्यांना वाटायचे, काय हा उदारपणा! दुसऱ्या डावात बाजू बदलली की भरती त्यांच्या वाट्याला. इगतपुरीच्या मंडळीचा गोलरक्षक चिखलात हात घालून चेंडू शोधत होता आणि त्याने वर काढला तो खेकडा. याला लबाडी म्हणावे काय, असे मी मास्तरांना विचारले होते. ते म्हणाले, "पंचांग सगळ्यांना विकत मिळतं."

आता पुढची हकीगत कळायला खेळाचा एक कायदा सांगणे भाग आहे. कंटाळू नका, एकच सांगतो. दोन्ही बाजूंचा एकेक पंच असतो. हातात बावटा घेऊन तो मैदानाच्या कडेने फिरतो. दोघा पंचांचे जमले नाही तर निकाल द्यायला वर एक सरपंच. पण यातली गोम अशी, की पंच आपणहून तोंड उघडत नाही. खेळाडूने त्याच्याकडे दाद मागायची. "पंच, हे कसे?" असे स्पष्ट विचारायचे. मग पंचाला वाटले तर तो बावटा वर करणार. विचारलेच नाही, तर डोळ्यांदेखत काही घडले तरी बावटा खालीच राहणार. आमच्या कोर्टात तरी वेगळे काय असते? फिर्यादच नाही तर न्यायाधीश निकाल कशाचा देणार?

हा कायदा मी मराठीत करून आपल्या गड्यांना वाचून दाखवला होता. सगळ्यांनी माना डोलावल्या. मास्तर आपले पंच झाले, कारण गावात इंग्रजी कायदा मुळातून वाचलेले आम्ही दोघेच आणि मला पळता येत नाही. हंगाम सुरू झाला. साहेब लोक उठल्याबसल्या हात वर करून दाद मागत आणि त्यांना निकाल मिळत. आपल्या गड्यांनी हंगामभर एकदाही तोंड उघडले नाही. आपल्या पुढच्या फळीतल्या धाकूला एकदा भर मैदानात आडवा पाडला, तरी तो धूळ झटकून उठला आणि पळू लागला. मी त्याला नंतर म्हटले, "अरे, विचारलं का नाहीस?" त्याने दिलेले उत्तर मी विसरलेलो नाही. तो म्हणाला, "वकीलसाहेब, मास्तरांना काय इचारायचा? त्यांना काय दिसत नाय?"

बघा, धाकू मास्तरांचा जुना विद्यार्थी. दौलतराव त्यांचे विद्यार्थी. अकरांतले बहुतेक सगळे त्यांच्या हाताखालून गेलेले. मास्तरांना विचारायचे म्हणजे त्यांच्या नजरेवर शंका घ्यायची, असे त्यांच्या मनात बसले होते. ते गप्प राहिले ते मान ठेवून राहिले. हे ध्यानात ठेवा.

आणि मग प्याल्याचा शेवटचा सामना. ठाण्याला झाला. समोर आगगाडीच्या कारखान्यातल्या साहेब लोकांचा संघ. त्यांचे कप्तान म्हणजे आपल्या दौलतरावांचे फोरमनसाहेब. मंडळीचा पगार असला तरी आपल्या निम्म्या गड्यांनी कारखान्यातली नोकरी सोडलेली नव्हती, कारण पाय कधीतरी थकतात. सकाळी ज्यांच्या हाताखाली हातोडा धरायचा, संध्याकाळी त्यांच्याच पायांतला चेंडू काढून घ्यायचा. सोपे नसते ते. तरी आपले गडी असे खेळले की माझी छत्री मी कधी मोडली ते मला कळले नाही.

एक गोल त्यांचा झाला होता. दुसरा डाव संपत आला होता. दौलतरावांनी चेंडू उजवीकडून आत दिला आणि धाकूने तो मारला. गोलाला दोन खांब आणि वर आडवी फीत, मागे जाळीबिळी काही नाही. चेंडू आतून गेला काय आणि बाहेरून गेला काय, पलीकडे पोहोचल्यावर सारखाच. हा चेंडू खांबाच्या वीतभर आतून गेला आणि मागच्या बाभळीत जाऊन अडकला. गोलरक्षक साहेब पालथा पडला होता, त्याला काहीच दिसले नाही. त्याने उठून चेंडू काढून आणला, बाहेरून गेला असे धरून जमिनीवर ठेवला आणि लाथ मारायला मागे सरला.

आपण सगळे ओरडत होतो. अण्णासाहेब, आपणही ओरडत होतात, पगडी हातात घेऊन. पण बघ्यांचे ओरडणे ही दाद नव्हे. सरपंचाने आपल्या पंचाकडे पाहिले. मास्तर त्याच कोपऱ्यावर, खांबाच्या रेषेत उभे होते. बावटा खाली. धाकू कमरेवर हात ठेवून मास्तरांकडे पाहत होता. दौलतराव मास्तरांकडे पाहत होते. सगळे गडी मास्तरांकडे आणि मास्तर त्या सगळ्यांकडे. गोलरक्षकाने चेंडू मारला. खेळ पुढे गेला आणि आपण प्याला हरलो.

परतीच्या होडीत मास्तरांच्या शेजारची फळी रिकामी होती. चार दिवसांत गावाने निकाल लावून टाकला, मास्तर साहेबांना भ्याले. पुढे त्यांचे चिरंजीव आनंदराव परीक्षा देऊन साहेबांच्या कचेरीत कारकून झाले, तेव्हा लोक म्हणाले, बघा, आता उलगडले. यंदाच्या गणपतीत आमच्या आळीच्या आरतीचे तबक मास्तरांच्या समोरून पुढे गेले, थांबले नाही. पडद्यापलीकडच्या माउलींनी हळदीकुंकवाला मास्तरांच्या घरची पायरी चढायचे सोडले. कोणी वेडावाकडा शब्द बोलले नाही, हे मी कबूल करतो. आपण सभ्य माणसे आहोत. आपण नुसते गप्प बसलो.

आणि गेल्या वर्षीचा दसरा. दरवर्षी मास्तरांचे जुने विद्यार्थी सोने द्यायला येतात. ओट्यावर चपलांचा ढीग पडतो, आत पाय ठेवायला जागा नसते. माझे घर त्यांच्या घराला लागून, मध्ये एक भिंत. मला ती गर्दी भिंतीतून ऐकू येते. त्या दसऱ्याला काही ऐकू येईना. सामना होऊन थोडेच दिवस झाले होते. दिवे लागायच्या सुमारास मी आपट्याची पाने घेऊन गेलो, तर मास्तर धुतलेले उपरणे घेऊन दाराशी बसलेले. पुढ्यात बत्ताशांचे तबक, काठोकाठ भरलेले. मी गेलो तेव्हा त्यातला पहिला बत्तासा उचलला गेला. यंदा ते दसऱ्याच्या आधी का निघाले, हे आता मी वेगळे सांगत नाही.

मी तिथेच बसलो आणि विचारले, "मास्तर, चेंडू आत गेला होता का?"

"गेला होता," ते म्हणाले.

"मग बावटा?"

"कोणी विचारलं नाही."

"अहो, पण ती सगळी तुमचीच मुलं!"

"म्हणूनच," मास्तर म्हणाले. "माझी मुलं म्हणून न मागता दिलं असतं, तर उद्या साहेबांच्या पंचाने त्यांना न मागता दिलेलं मी कोणत्या तोंडाने नाकारणार होतो? मी वाट बघत होतो, विश्रामराव. त्या गोलरक्षकाचा पाय चेंडूला लागेपर्यंत मी वाट बघत होतो. एकाने जरी तोंड उघडलं असतं तरी पुरलं असतं."

मी म्हटले, मग हे गावाला सांगा. चावडीवर उभे राहून सांगा. त्यावर ते म्हणाले, "सांगितलं तर काय होईल? गाव आज माझ्या मागे लागलंय, ते उद्या त्या अकरा जणांच्या मागे लागेल. मी म्हातारा आहे, मला झेपेल. त्यांना अजून खेळायचंय."

मास्तर, हात वर करून मला थांबवू नका. अध्यक्षांनी अजून घंटा वाजवलेली नाही. आणि दौलतराव, तुम्ही खाली बघू नका. मी दोष मास्तरांच्या पदरातून काढून तुमच्या पदरात टाकायला उभा राहिलेलो नाही. हकीगत अजून संपलेली नाही.

सामन्यानंतरच्या सोमवारची गोष्ट, ही मास्तरांनी मला दसऱ्याच्या त्याच संध्याकाळी सांगितली. त्यांच्या शाळेची शिस्त आपल्या सगळ्यांच्या परिचयाची. विचारल्याशिवाय बोलायचे नाही. तपासणीला येणारे साहेब शेरा लिहून जात, की या शाळेत टाचणी पडली तरी ऐकू येते. मास्तरांना त्या शेऱ्याचा अभिमान होता आणि आपल्यालाही होता. तर त्या सोमवारी त्यांनी फळ्यावर त्रैराशिक मांडले आणि मांडताना एक आकडा चुकला. मुलांनी ते चुकलेले गणित जसेच्या तसे पाटीवर उतरवून घेतले. उत्तर काही केल्या जुळेना, तेव्हा मास्तरांचे लक्ष गेले. त्यांनी विचारले, "ही चूक कोणाला दिसली होती का रे?" अर्ध्या वर्गाचे हात वर. "मग बोलला का नाहीत?" पुढच्या रांगेतून उत्तर आले, "मास्तर, तुम्ही विचारलं नाहीत."

मास्तर मला म्हणाले, "मी खडू खाली ठेवला आणि बसलो. ती शांतता माझ्या ओळखीची होती. ठाण्याच्या मैदानावर ऐकली होती ती हीच. ते सगळे याच खोलीत बसून ती शिकले, आणि शिकवली मी. मी तिथे बावटा धरून वाट बघत होतो, पण ज्याची वाट बघत होतो ते मी त्यांना कधी शिकवलंच नव्हतं."

एवढे सांगून त्यांनी बत्ताशांचे तबक माझ्यापुढे सरकवले.

त्या सोमवारपासून मास्तरांच्या वर्गात एक नवा पाठ सुरू झाला. शाळा सुटायच्या आधी मुलांनी मास्तरांना विचारायचे. काहीही विचारायचे, पण विचारायचे. एखाद्याने दबक्या आवाजात विचारले तर मास्तर म्हणायचे, "मोठ्याने." पुन्हा विचारायला लावायचे. हे भिंतीतून मला रोज ऐकू येई, कारण काही मुले घरी येऊनही विचारत. आता आपल्याला कळले असेल की वर्षभर आपली मुले एवढी आगाऊ का झाली! अण्णासाहेब, आपल्या नातवाने "आजोबा, तपकीर कशासाठी ओढता" असे विचारले आणि आपण कमिटीकडे तक्रार केलीत. रतनशेठ, आपल्या धाकट्याने तराजूविषयी काय विचारले ते मी इथे सांगत नाही. हसा, हसा. मलाही माझ्या मुलीने विचारले, की बाबा, तुमचे अशील खोटे बोलतात तेव्हा तुम्हाला कळते का? मी अजून उत्तर शोधतो आहे.

पण मंडळी, हसून झाल्यावर थोडा विचार करू या. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी कारखान्यात फोरमनसाहेबांनी दौलतरावांना गाठून विचारले होते, "काल तुम्ही कोणीच काही बोलला का नाहीत?" हे मला तिथल्याच एका माणसाने सांगितले. दौलतराव साहेबांनाही उत्तर न देता कामाला लागले. म्हणजे पाहा, साहेबालाही नवल वाटले होते. मग आपण भ्यालो कोणाला? मला वाटते, कोणालाच नाही. ही भीती नव्हती, ही सवय होती. आपण घरात वडिलांना विचारत नाही. कचेरीत वरच्याला विचारत नाही. आणि ज्याला सगळ्यांत जास्त मानतो, त्याला सगळ्यांत कमी विचारतो. त्याला आपण आदर म्हणतो. मास्तरांचा मान राखता राखता आपण प्याला हरलो.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चालले असते. पण पुढे वर्षभर आपण तेच केले. चेंडू आत गेला होता का, एवढा साधा प्रश्न. मास्तरांचे दार दिवसभर उघडे असते. मी विचारला आणि मला उत्तर मिळाले. विचारलेल्या प्रश्नाला मास्तरांनी कधी कोणाला उत्तर नाकारल्याचे मला माहीत नाही. या एवढ्या गावातून दुसरा एकही मोठा माणूस तो विचारायला त्यांची पायरी चढला नाही. आपण परस्पर निकाल दिला, आरोपीला न बोलावता. वकील म्हणून मला याचे वाईट वाटते आणि त्यांचा शेजारी म्हणून फार वाईट वाटते.

असो. अध्यक्षांचा हात घंटेकडे चालला आहे. आता मानपत्राचा भाग. कमिटीतर्फे शाल आणि श्रीफळ, ते अध्यक्ष देतील. आमच्या फुटबॉल मंडळीतर्फे ही एक लहानशी भेट आहे. हा बावटा. तोच. सामना संपल्यावर मास्तरांनी तो घडी करून माझ्या हवाली केला होता आणि वर्षभर माझ्या कपाटात पडून होता. मंडळीने तो धुऊन, नव्या काठीला लावून आणला आहे. कप्तान या नात्याने दौलतरावांनी पुढे यावे आणि तो मास्तरांच्या हाती द्यावा, अशी मी विनंती करतो.

या, दौलतराव. जरा वाट द्या त्यांना. हो, सतरंजीवरून या, चपला राहू द्या. हा घ्या. दोन्ही हातांनी. छान.

दौलतराव, बावटा दिल्यावर नमस्कार करून परत फिरायचे असते. उभे का राहिलात? काय म्हणालात? मंडळी, जरा शांत व्हा, ऐकू येत नाही.

मास्तर काहीतरी म्हणताहेत. "मोठ्याने," म्हणताहेत.

ऐकलेत? मागे ऐकू गेले का? नसेल तर मी सांगतो. आपल्या मंडळीचे कप्तान विचारताहेत, "मास्तर, गोल झाला होता का?"

आणि हा दाराशी कोण ओरडतोय? धाकू! "मास्तर, माझा गोल झालाता का?" अरे, सगळेच विचारताहेत. विचारा, विचारा. अध्यक्षमहाराज, घंटा राहू द्या. मास्तर उठताहेत. आनंदराव, त्यांचा हात धरा. नको म्हणतात. बरे.

अध्यक्षमहाराज, ठाण्याच्या आणि कल्याणच्या सभ्य गृहस्थहो, पडद्यामागून ज्यांना दिसत नसेल त्या माउलींनो, बावटा वर आहे.

आता बसा. बसा सगळे. दौलतराव, तुम्ही मास्तरांपाशीच बसा, तिथे पायाशी जागा आहे. या बावट्याने काही बदलणार नाही हे मला माहीत आहे. प्याला ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडेच राहील आणि त्यांनी तो खेळून मिळवला आहे. हरकत नाही, हंगाम दरवर्षी येतो. माझ्याच्याने आता फार बोलवत नाही. मघापासून मी कोंड्याला दोष देत आलो, पण हे डोळ्यांतले पाणी कोंड्याचे नाही.

आपण सर्वांनी एवढा वेळ शांतपणे ऐकून घेतले आणि शेवटी शांतता मोडलीत, या दोन्हींबद्दल मी आपला आभारी आहे. अध्यक्षांचे, रतनशेठचे, सतरंज्या घालणाऱ्या गड्यांचे आणि पेढे करणाऱ्यांचे आभार. ज्यांची नावे राहिली त्यांनी राग मानू नये, आणि बोलण्याच्या ओघात माझ्याकडून काही अधिकउणे झाले असेल, विशेषतः तपकिरीबद्दल आणि तराजूबद्दल, तर ते पोटात घालावे. मास्तर, तुमची मनाई मी मोडली, त्याची क्षमा तुमच्याकडे खडवलीला येऊन मागेन.

आणि एक शेवटची सूचना, चिटणीस या नात्याने. दसरा चार दिवसांवर आला आहे. गाडी खडवलीला थांबते. बत्ताशांचे तबक मास्तर बरोबर नेताहेत.